जाळीतल्या नऊ कोंबड्या

मंगळवारी सकाळी अकरा वाजता ताई वलगावच्या घरात वारली. मी अकोल्याला होते. फोन शेजारणीने केला.

फोन आला तेव्हा मी पुस्तकं खोक्यांत भरत होते. अकोल्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्या वर्षभरात मी दर महिन्याला ताईला सांगत होते की पुढच्या महिन्यात येते, कायमची येते. लग्न मी केलं नाही. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दोघींनी एकत्र राहायचं हे किती वर्षांपासून ठरलेलं होतं. पण पुस्तकं भरून होत नव्हती. एखादं पुस्तक खोक्यात टाकायला घेतलं की मी ते उघडून बसायची.

ताई ब्लाउज शिवायची. पुढच्या खोलीत दाराशी तिची मशीन होती. शेजारीण रोज दुपारी यायची आणि मशीनपाशी खाली बसून हुक लावायची, तुरपाई करायची. असं वीस वर्षं चाललं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. शेजारीण माझ्या ताईला 'बाई' म्हणायची. मी शहरात शिकून 'ताई' म्हणायला लागले होते.

मी पोचले तेव्हा शेजारीण ताईच्या पायाशी बसली होती. नंतर, माणसं पांगल्यावर, मी तिला विचारलं की शेवटी काय झालं.

"पानी मांगतलं. म्या देल्लं. मंग म्हने, कोंबळ्या सोळल्या का? म्या म्हनलं, सोळल्या. बस."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

तिने थोडा विचार केला. "नाई," म्हणाली.

ती खोटं बोलली असती तरी चाललं असतं. मी पडताळून पाहणार नव्हते. पण ती खरं बोलली, आणि ताईचं शेवटचं वाक्य तिच्याकडे राहिलं. त्या क्षणापासून मला तिचा हेवा वाटू लागला. दुःखाआधी मला हेव्याची जाणीव झाली, हे लिहायला अवघड जातं. पण क्रम तोच होता.

ताईसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अमरावतीहून, अकोल्याहून माणसं येणार होती. मागचं अंगण काळ्या मातीचं, खाचखळग्यांचं. एका कोपऱ्यात राखेचा मोठा खड्डा होता, त्यात पिसं, पालापाचोळा, कोंबड्यांची घाण. तो मला उकिरडा वाटला. पांढरी लुगडी नेसून बायका येतील, तिथे बसतील, म्हणून मी एक ट्रॉली मुरूम मागवला, खड्डा बुजवला, सगळं अंगण चोपून सपाट करून घेतलं. अंघोळीच्या पाण्याची मागची चूलही मोडली. मी गॅसवर पाणी तापवणार होते. शेजारीण कुंपणाशी उभी राहून हे पाहत होती. मला वाटलं, तिला कौतुक वाटत असावं.

माणसं गेली आणि मी, मशीन आणि नऊ कोंबड्या एवढे उरलो.

कोंबड्यांची मला फक्त फोनवरून ओळख होती. दर रविवारी चार वाजता मी ताईला फोन करायची. ती कोंबड्यांबद्दल सांगायची. कोणती रुसली, कोणती खुडूक झाली, कुणी मशीनखाली अंडं घातलं. मी कानाशी फोन धरून समोरच्या पुस्तकाचं पान उलटायची आणि 'हं' म्हणायची. प्रत्येक कोंबडीच्या पायाला तिने ब्लाउजच्या कापडाची चिंधी बांधलेली होती. कोणती चिंधी कुणाच्या ब्लाउजची, हे शेजारणीला पाठ होतं. मला नऊ रंग दिसायचे.

सकाळी खुराडं उघडलं की नऊच्या नऊ कोंबड्या कुंपणाखालून शेजारणीच्या अंगणात जायच्या. मी दाणे टाकून 'ती ती ती' करायची. त्या मान वाकडी करून माझ्याकडे पाहायच्या आणि चालू लागायच्या. मग पलीकडून शेजारीण हाक मारायची, आणि ती हाक हुबेहूब ताईची होती. पहिला 'ती' लांब, पुढचे दोन तुटक, आणि शेवटी, "या वं भवान्यांनो." पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ताईचा आवाज गावात शिल्लक होता, आणि तो शेजारणीच्या गळ्यात होता.

आठवडाभर मी ते ऐकलं. मग अमरावतीला जाऊन हिरवी नायलॉनची जाळी आणली आणि अंगणाच्या चारी बाजूंनी खालपर्यंत ठोकून घेतली. विचारणाऱ्यांना सांगितलं, कुत्री फार झाली आहेत.

शेजारणीनेही विचारलं. "कुत्रे?" ती म्हणाली. "बरं."

महिनाभरात कोंबड्यांची पिसं गळायला लागली. आधी शेपटीच्या बुडाशी, मग पोटाखाली, मग पाठीवर. उघडी पडलेली कातडी लालसर दिसायची. थंडीचे दिवस होते. त्या भिंतीच्या कडेला उन्हात एकमेकींना चिकटून उभ्या राहायच्या. अंडी जवळजवळ थांबली.

गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या. "दुख धरलं त्यायनं," एक म्हातारी म्हणाली. "मुके असले तरी समजते बापा." दुसरी म्हणाली, "आपल्यापेक्षा जनावरं बरे." ते बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, पण मला लागायचं ते लागलं. ताई गेल्यापासून मी चारचौघांत रडले नव्हते. माझं जेवण, झोप, सगळं वेळेवर होतं. माझा एक केस गळला नव्हता. आणि इथे नऊ कोंबड्या तिच्यासाठी अंगावरचं सगळं टाकून उभ्या होत्या. मला कोंबड्यांचाही हेवा वाटला. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

म्हणून मला कारण शोधायचं होतं. पिसं शोकाने झडत नसून दुसऱ्या कशाने तरी झडत आहेत, आणि ते कारण मला, तिच्या सख्ख्या बहिणीला, सापडलं, असं व्हायला हवं होतं.

कारण शोधायची मला एकच पद्धत येते. ग्रंथालयात संगणक आल्यावर सूचीची कोरी कार्डं रद्दीत निघाली होती, त्यांचा एक गठ्ठा माझ्याजवळ होता. प्रत्येक कोंबडीचं एक कार्ड केलं. वर चिंधीचा रंग. खाली पीस कुठून गेलं, कधी गेलं, नवा कोंब दिसतो का. कुक्कुटपालनाची दोन पुस्तकं मिळवली. त्यांतून एवढं कळलं की पीस कुठलं जातं यावरून ते का जातं याचा अंदाज येतो. वर्षाची पिसं बदलायची वेळ असेल तर सुरुवात डोक्या-मानेकडून होते आणि मागोमाग नवे कोंब फुटतात. माझ्या कोंबड्यांची सुरुवात शेपटीकडून झाली होती आणि कोंबाचा पत्ता नव्हता. पाठ तेवढी उघडी असेल तर कोंबड्याच्या नखांनी. ताईने कोंबडा कधी ठेवला नव्हता. शेजारणीचा होता, तो जाळीमुळे येत नव्हता. खुडूक कोंबडी छातीची पिसं स्वतःच उपटते. नऊच्या नऊ खुडूक कशा होतील? दाटी झाली की एकमेकींना टोचतात. तेही थोडंफार दिसत होतं, पण अंगण मोठं होतं.

एका कोंबडीची मात्र मान पूर्ण उघडी, लालभडक. एक पीस नाही. तिची अवस्था सगळ्यांत वाईट समजून मी तिच्यापासून उपचार सुरू केले. खोबरेल तेलात हळद कालवून तिला मांडीत धरलं आणि मानेला चोपडू लागले. ती ओरडायला लागली. शेजारीण कुंपणाशी आली.

"काय करून राहिल्या मॅडम?"

"औषध लावते आहे."

"काहून?"

"मानेवरचं एकही पीस राहिलं नाही हिच्या."

शेजारणीने पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. शेवटी ती कुंपणाचा खांब धरून खाली बसली. "माय वं! थे जातच तशी हाय, उघळ्या मानेची. अंड्यातून निंगाली तवापासून तेथे पीस नाई. बाईनं मुद्दाम आनली होती परतवाड्याच्या बाजारातून. हयद लावून नवरी केली तुमी तिची!"

मी कोंबडी खाली सोडली. ती जाळीपाशी पळाली आणि शेजारणीच्या समोर उभी राहिली. शेजारणीने जाळीतून बोट घातलं. कोंबडीने ते टोचलं, हळूच. मी हात धुवायला आत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी काळी कोंबडी टोपलीत घेऊन मी ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तिचं पोटाखालचं पीस उलटं करून दाखवलं. पिसाच्या बुडाशी रव्यासारखं काही चिकटलेलं होतं. ते मी आधी पाहिलं होतं, दाण्याची भुकटी असेल म्हणून सोडून दिलं होतं. लिखा होत्या. उवांनी कोंबड्या बेजार होतात, चोचीने स्वतःचीच पिसं ओढतात, एकमेकींचीही ओढतात.

"मोकळ्या असतात ना? मातीत लोळतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

जाळीचं सांगायला हवं होतं. सांगितलं तर जाळी का, हे आलं असतं. कुत्र्यांची थाप गल्लीत चालत होती. पांढऱ्या कोटातल्या शांत माणसापुढे ती मारवेना. त्यापेक्षा 'हो' सोपं होतं. त्यांनी पावडर दिली. पावडरीने आठ-दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच सुरू झालं. प्रत्येक कार्डावर मी 'उवा परत' असं लिहिलं.

असं दोनदा झाल्यावर शेजारीण पुढच्या दाराने आली. ताई गेल्यानंतर ती पुढच्या दाराने आलीच नव्हती. मशीनपाशी, जिथे ती बसायची, तिथे माझी अकोल्याहून आणलेली पुस्तकांची खोकी होती. ती उभीच राहिली.

"मॅडम, कोंबळ्या मले देऊन टाका. पिसं येतीन त्यायची. तुमी अकोल्याले जाता-येता, तुमाले थे पुस्तकं हायत. मले काय हाय?"

"त्या माझ्या ताईच्या आहेत."

"बाईच्या हायत म्हनूनच तं मांगून राहिली."

"नाही मिळणार."

"मरतीन त्या."

"मरू देत," मी म्हणाले.

ती गेली. माझ्या तोंडून ते कसं निघालं, याचा विचार करत मी बसले. मला कोंबड्यांची माया नव्हती, हे मला त्या दिवशी स्पष्ट कळलं. मला फक्त त्या तिच्याकडे जायला नको होत्या. पण त्याचबरोबर, त्या मेल्या असत्या तर ताईने शेवटी जे विचारलं त्याला माझ्याकडून काहीच उत्तर राहिलं नसतं. तिने विचारलं होतं, कोंबड्या सोडल्या का. आणि मी त्या कोंडल्या होत्या.

जाळी काढावी, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

होळीच्या आधीची दुपार होती. मी ओसरीवर कार्डं लावत बसले होते. काळी कोंबडी अंगणाच्या कोपऱ्यात गेली, मुरमावर एका कुशीवर पडली, एक पंख पसरला आणि पाय झाडू लागली. मी कार्डावर लिहिलं: झटके. तेवढ्यात दुसरी तिच्या शेजारी जाऊन तशीच पडली. मग तिसरी. मान जमिनीला घासत होत्या, पंख फडफडवत होत्या, नखांनी कडक मुरूम खरवडत होत्या. नखांचा कर्र कर्र आवाज येत होता. धूळसुद्धा उडत नव्हती. मी चष्मा सावरत धावले.

शेजारीण पलीकडे खाटेवर मिरच्या वाळत घालत होती. माझी धावपळ पाहून तिने हात थांबवला.

"काई नाई झालं त्यायले. आंगोय करून राहिल्या."

"कसली अंघोळ? इथे माती कुठे आहे?"

"थेच तं," ती म्हणाली. "माती नाई, तरी करून राहिल्या. बाईचा राखीचा गड्डा तेथंच होता. त्या कायी कोंबळीच्या पोटाखाली."

मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मी उकिरडा समजून बुजवला तो खड्डा. ताई चुलीतली राख त्यात टाकायची, आणि कोंबड्या राखेत लोळून उवा झाडायच्या. तिने मला हे एखाद्या रविवारी सांगितलंही असेल. मी 'हं' म्हणाले असेन.

आता कोंबड्या तिथेच, अंदाजाने, नसलेल्या राखेत अंघोळ करत होत्या. मी ओसरीच्या पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते शेजारणीसमोर आलं याचाही राग आला.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. "गड्डा बुजवताना तुम्ही इथेच उभ्या होत्या."

"गड्डा बुजवला तं काय झालं? माह्या अंगनात हायच ना राख. त्या येऊनच राहिल्या होत्या लोळाले. मंग तुमी जाळी लावली." तिने एक मिरची उचलली, देठ मोडला. "थे जाळी कुत्र्यासाठी नोयती मॅडम. मले समजत नाई का?"

मी चष्मा काढून पुसला.

"मंग म्या बी म्हनलं, राहू दे. कंटाळसान, देऊन टाकसान. खोटं काहून बोलू."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही पाहत राहिलात."

"तुमी बी पायतच होत्या ना. कारडं लिहून राहिल्या होत्या."

मग ती एकदम चिडून म्हणाली, "बाईनं तुमाले काय कमी देल्लं वं? रविवारी मले बसू नाई दे. चार वाजाले आले का म्हने, जाय वं आता घरी, माह्या बहिनीचा फोन येते. हातातला हुक बी पुरा करू नाई दे. वीस वर्सं. एक रविवार नाई भेटला मले."

इथे मी तिचा हात धरला असता तर गोष्ट बरी दिसली असती. मी धरला नाही. मला बरं वाटलं. तिचं दुःख कळलं म्हणून बरं वाटलं असं नाही. तिच्याकडे नव्हतं असं काहीतरी माझ्याकडे होतं म्हणून. आणि लगेच आठवलं की त्या सगळ्या रविवारी माझ्यासमोर पुस्तक उघडं असायचं. ज्या तासासाठी ती वीस वर्षं जळत होती, तो मी पानं उलटत घालवला होता. हे मी तिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

"बादलीभर राख द्याल?" मी विचारलं. "मी इथेच खड्डा करते."

"नेआ ना. पन चुल्हा मोळला तुमी, रोजची राख कोठून आनसान? रोज बादली घेऊन येसान?" ती खाटेकडे वळली. "जाळी काढा. त्या जातीन-येतीन आपल्या पायानं."

जाळी काढायला मला तीन दिवस लागले. काम तासाभराचं होतं. पहिल्या दिवशी मी एक बाजू सोडवली आणि परत बांधली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला मुरूम कुदळीने फोडून काढला, खाली काळी माती लागली, ती भुगभुगीत केली. कोंबड्यांनी तिथे थोडं उकरून पाहिलं. ओल होती, कोणी लोळली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून हाक आली, पहिला 'ती' लांब, पुढचे दोन तुटक. नऊच्या नऊ कोंबड्या जाळीला जाऊन भिडल्या. त्यांच्या उघड्या पाठी एका रांगेत दिसल्या. मी खिळे उपसायला घेतले.

त्या पलीकडे गेल्या आणि सरळ राखेत शिरल्या. दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत. राखेचा धुरळा कुंपणाच्या वर येत होता. मी ओसरीवर बसून तो पाहिला. शेजारणीने मला बोलावलं नाही आणि मी गेले नाही.

खुराडं मी उन्हात काढून, फटी धुऊन, चुना लावून घेतलं. पावडर आणखी एकदा मारली. तीन आठवड्यांनी काळीच्या शेपटीच्या बुडाशी निळसर कोंब दिसले, टाचणीच्या डोक्यासारखे. कार्डावर लिहिलं. मग बाकीच्यांचे आले. कार्डं शेजारणीला दाखवावीत असं एकदा वाटलं. तिने पाहून विचारलं असतं, याच्यात काय लिवलं, आणि मला वाचून दाखवावं लागलं असतं. 'झटके' हा शब्द मी खोडला नव्हता.

पावसाळ्यापर्यंत सगळ्या भरल्या. उघड्या मानेची मान तेवढी उघडी आहे.

खोक्यांतली पुस्तकं मी मांडणीवर लावली. मशीनपाशी आता जागा मोकळी आहे. शेजारीण कधी कधी पुढच्या दाराने येते, अंडी ठेवते, उभ्यानेच बोलते आणि जाते. मला मॅडमच म्हणते. त्या जागेवर ती अजून बसलेली नाही आणि मी 'बसा' म्हणालेले नाही. रविवारी चार वाजता मात्र ती कधीच येत नाही.

कोंबड्या नऊ आहेत. सकाळी खुराडं उघडलं की पलीकडे जातात. दिवे लागायच्या आत आठ परत येतात. उघड्या मानेची तिच्याकडेच झोपते. जाळी मी टाकली नाही. गुंडाळून मशीनच्या मागे ठेवली आहे.